शेवटचा चौक

जयंतीच्या दिवसांत पेठेतल्या तालमीसमोर कर्णा बांधतात आणि दुपारी, ऐकायला कुणी नसताना, त्याच्यावर पोवाडा लावून पोरं जेवायला जातात. खान पडतो, तोफा होतात, डफ दुगणीत जातो, मागं साथीला गाणारे झीलकरी शेवटचं ‘जी जी रं जी’ ओढतात आणि खट्. पुढचं गाणं. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं शेवटचा चौक, म्हणजे पोवाड्याचं शेवटचं कडवं, कापलेला असतो. त्याच्या मते गोष्ट संपलेली असते.

खरं तर दुसरी गोष्ट तिथं सुरू होते. हे कवन कुणी बांधलं, त्याचा वस्ताद कोण, गाव कुठलं, कधीकधी डफावर कोण आणि झील कुणाची हेसुद्धा, हे सगळं शेवटच्या चौकात असतं. छाप म्हणतात तिला, पुस्तकातला शब्द नाममुद्रा. अज्ञानदासानं अफजलखानाचा वध गायला आणि त्याबद्दल घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचं पोवाड्यातच घालून ठेवलं. म्हणजे बिदागीची पावतीसुद्धा गाण्यातच. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी गाणाऱ्यांकडून उतरवून घेतलेले पोवाडे 1891 साली छापले, तेव्हा जुने शाहीर ओळखू आले ते बरेचसे या छापेवरूनच. होनाजी लिहायचा, बाळा गायचा. छापेत दोघं एकत्र राहिले ते इतके की पुष्कळांना आजही तो एकच माणूस वाटतो.

छाप चोरीला जाते हेही खरं. बाड, म्हणजे कवनांची वही, एका फडातून (गाणाऱ्यांच्या संचातून) दुसऱ्या फडात गेलं की नाव बदलतं. चोरी पकडायची तर मात्रा मोजाव्यात, ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन. पोवाड्याची ओळ बहुतेक आठ मात्रांच्या आवर्तनावर चालते. ‘माने’ म्हणजे चार मात्रा, अर्धं आवर्तन, चपखल. तिथं कुणी ‘पाटील’ घातलं की पाच होतात. गाणारा तो शेवटचा ल गिळतो, तुणतुण्यावाला क्षणभर त्याच्याकडे बघतो, आणि ऐकणाऱ्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला कळतं की हे घर दुसऱ्याचं आहे.

आकड्यांचं तर विचारूच नका. नवा पोवाडा बांधताना प्रसंग सापडतो, चाल सापडते, अडतं ते सालापाशी. पन्हाळ्याहून महाराज निसटले, खिंड लढली, ते 1660 साल, म्हणजे शके 1582. ‘शके पंधराशे ब्याऐंशी’ म्हणून बघा. बरोबर सोळा मात्रा, दोन आवर्तनं, आणि तोडही नेमकी ‘शके पंधरा’वर, आठ अधिक आठ. बाजीप्रभूंनी खिंड लढवताना शाहिराचीही सोय बघितली म्हणायची. एकच वर्ष आधीचा प्रतापगड घ्या. ‘एक्याऐंशी’ला आठ मात्रा लागतात, ओळ अठरावर जाते आणि चाल लंगडते. मग कवी ‘शके’ काढून टाकतो, उरतात पंधरा, एका मात्रेत आखडलेला ‘हो’ भरतो, किंवा साल सोडून देऊन ऋतू सांगतो. पोवाड्यात अचानक थंडी पडली, धुकं आलं, की खुशाल समजावं, साल बसलेलं नाही.

‘जी जी रं जी’ला लोक पालुपद समजतात. ती शाहिराची श्वास घ्यायची जागा आहे. शाहिराचं शेवटचं अक्षर संपायच्या आत झीलकऱ्यानं ते उचलायचं असतं. संपल्यावर उचललं तर मध्ये भोक पडतं. तेवढ्या आवर्तनात शाहीर दम घेतो, घाम पुसतो आणि पुढची ओळ आठवतो. झील दुप्पट लांबली की ओळ आठवलेली नाही. अशा वेळी चांगला झीलकरी पुढचा पहिला शब्द झिलेतच हळूच सोडतो. त्या उपकाराची नोंद छापेत होते, दुसरीकडं कुठं होणार?

कोल्हापूरला लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईकांच्या शाहिरीचा वारसा आहे, आणि आसपासच्या गावांत भेदिकाचे, म्हणजे कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबी गाण्याचे, फडही. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या. भेदिकातलं कवन बऱ्याचदा समोरच्यानं टाकलेल्या कोड्याचं उत्तर असतं, त्यामुळे अर्धी गोष्ट एका बाडात आणि अर्धी दुसऱ्या गावच्या बाडात. नुसतं उत्तर छापून मोकळे होणाऱ्यांचा राग येतो. सवाल कुठाय?

शेवटचा चौक कापायची सवय मात्र एकट्या रेकॉर्डिंगवाल्यांची नाही, आणि त्यात डफाचाही हात आहे. बकऱ्याचं कातडं दमट हवेत ढिलं पडतं. रात्री दहानंतर, त्यातून वळीव पडून गेलेला असला तर बघायलाच नको, डफ ‘टण्’ऐवजी ‘भद्’ बोलायला लागतो. मग स्टेजमागं रद्दीचा जाळ करायचा. डफ जाळापासून हातभर लांब धरून फिरवत ठेवायचा. एका जागी धरला तर कातडं कडेला तडकतं. बोटानं कडेवर टिचकी मारत राहायचं आणि हवा त्याहून थोडा चढाच आवाज घेऊन थांबायचं, कारण गार होताना तो उतरतोच. जाणते लोक दुसरा डफ तापवून तयार ठेवतात. तुणतुण्याचं दुखणं वेगळं. तार एकच, ती खुंटीजवळच्या पिळात तुटते, आणि नवी तार चढवून शाहिराच्या पट्टीला, समजा पेटीच्या काळी चारला, आणेपर्यंत गद्य लांबवावं लागतं. ‘तर मंडळी, काय प्रसंग आला बघा’ हे वाक्य तिसऱ्यांदा आलं की मागं तार तुटलीय.

या सगळ्यात वेळ जातो. घड्याळ दहाच्या पुढं सरकतं, संयोजक स्टेजच्या पायरीवर येऊन हाताची कात्री करून दाखवतो, ‘आवरा की आता, शाहीर.’ पुढारी चप्पल शोधायला लागतात. शाहिरानं काय कापावं? खान कापता येत नाही. कापायला उरते ती स्वतःची आठ ओळींची छाप. एखादा हट्टी शाहीर ती चालतच गातो, माईक सोडून, डफवाल्याचं नाव घेत. तिसऱ्या रांगेच्या मागं काही ऐकू जात नाही.

पोरं जेवून आली वाटतं. कर्ण्यावर तोच पोवाडा पुन्हा पहिल्यापासून लागलाय, नमन चाललंय. चहाच्या गाड्यावरचे मामा आवाज बारीक करा म्हणून सांगायला उठलेत.