'साल्बो के' आणि कराराची कलमं

पुण्यात स्पॅनिश शिकणाऱ्या पोरांनी एक नियम घोकलेला असतो: 'आ मेनोस के', 'आ नो सेर के', 'साल्बो के' (तिन्हींचा अर्थ साधारण 'अमुक झालं तर सोडून') दिसलं, की पुढे डोळे मिटून सबजंक्टिव्ह, म्हणजे अजून न घडलेल्या, शंकेतल्या गोष्टीसाठीचं क्रियापदाचं रूप. पहिल्या दोघांपुरतं ते खरं आहे. 'साल्बो के'ला मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. मी दिवसभर करारांची भाषांतरं करते, त्यामुळे माझी गाठ सगळ्यात जास्त पडते ती याच्याशीच.

नेहमीचं कलम घ्या: 'साल्बो के लास पार्तेस आकुएर्देन लो कोन्त्रारियो'. दोन्ही पक्षांनी वेगळं काही ठरवलं तर गोष्ट निराळी, एरवी कलम लागू. ठरवतील की नाही, कुणास ठाऊक. म्हणून 'आकुएर्दान' नाही, 'आकुएर्देन'. सगळा खेळ एका स्वराचा.

आता भाड्याचं घर बघून आलेला माणूस म्हणतो, 'ला कासा एस्ता बिएन, साल्बो के नो तिएने आसेन्सोर'. घर झकास आहे, फक्त लिफ्ट नाही. स्वतः चार जिने चढून आलाय, शंका कसली? तिथे साधं 'तिएने'च. अपवाद पुढे घडू शकेल असा आहे की समोर उभा आहे, एवढंच बघायचं.

मध्यंतरी एका नव्या मुलीने विचारलं, "ताई, पण त्या कराराच्या कलमात 'नो', म्हणजे 'नाही', कुठे गेला?" अस्सल मराठी डोक्यातला प्रश्न. आपल्याकडे 'अन्यथा ठरले नसल्यास' लिहितात, नकार आतच असतो. तोच नकार उचलून 'नो आकुएर्देन' लिहिलं, की अर्थ उलटा होतो: पक्षांनी वेगळं काही ठरवलं नाही, तर कलमातून सूट! पैसे कुणी कधी द्यायचे, अशा कलमात हे झालं की वकिलांची दिवाळी.

ज्यांना सबजंक्टिव्ह नकोच, त्यांना पळवाट आहे: 'साल्बो सी' ('सी' म्हणजे 'जर'). 'इरेमोस आ ला प्लाया, साल्बो सी युएबे', पाऊस नसला तर समुद्रावर जाऊ. शर्तीच्या 'सी'पुढे वर्तमानकाळी सबजंक्टिव्ह चालतच नाही, त्यामुळे 'युएबे' की 'युएबा' हा घोळ मिटला. बोलताना खुशाल वापरा.

वर्तमानकाळी म्हटलं ते मुद्दाम. स्पेनची नागरी संहिता १८८९ सालची. कायदे पूर्वलक्षी नसतात असं सांगून ती पुढे म्हणते, 'सी नो दिस्पुसिएरेन लो कोन्त्रारियो', म्हणजे त्या कायद्यांतच तशी तरतूद नसेल तर. 'सी'च्या पाठीला पाठ लावून सबजंक्टिव्ह, तोही भविष्यकाळी! बोलण्यातून हे रूप केव्हाच गेलं, कायद्याच्या भाषेत मात्र ठाण मांडून बसलंय. नव्या मसुद्यात कुणी ते वापरलं की मी समासात पेन्सिलीने साधं वर्तमानकाळी 'दिस्पोनेन' सुचवते. बहुतेक वकील ऐकत नाहीत.