सेन्सेक्स किती टक्के देतो? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, लिफ्टमध्ये, आणि मागच्या महिन्यात तर सलूनच्या खुर्चीत तोंडाला फेस लावलेला असताना मला विचारलं गेलं, "तुम्ही शेअर्सचं बघता ना, मग लाँग टर्ममध्ये सेन्सेक्स किती टक्के देतो हो?" आणि उत्तर एका आकड्यातच पाहिजे असतं सगळ्यांना.

घ्या मग, वर्षाला साडेपंधरा. सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. त्याचा १९७८-७९ चा पाया १०० धरलाय आणि २८ मार्च २०२५ ला सेन्सेक्स ७७,४१४ वर बंद झाला, म्हणजे ४६ वर्षांत ७७४ पट, डिव्हिडंड वेगळाच. पण गंमत अशी की त्या १०० ला कुणी काही घेतलंच नव्हतं, कारण सेन्सेक्स सुरू झाला १ जानेवारी १९८६ ला, आधीचे आकडे मागे जाऊन काढलेत.

आता आमच्या काकाची गोष्ट. काका बाजारात शिरला मार्च १९९२ मध्ये, काकूच्या पाटल्यांसाठी ठेवलेले पैसे घेऊन. महिनाअखेर सेन्सेक्स ४,२८५ वर, आणि एप्रिलमध्ये हर्षद मेहताचा शेअर घोटाळा बाहेर आला. पुढे ३१ मार्च २००३ ला आकडा काय, तर ३,०४८. अकरा वर्षं थांबून उणे! त्यातली बरीच वर्षं आमचे बाबा पीपीएफवर निवांत १२ टक्के घेत होते आणि दर दिवाळीला काकाला ते ऐकवत पण होते. काकाने शेवटी २००३ मध्येच चुलतभावाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी जे विकलं जात होतं ते विकून टाकलं, आणि तिथून बाजार जो सुटला तो २०२५ पर्यंत पंचवीस पट.

म्हणजे बघा, २००३ च्या तळाला घेणाऱ्याला वर्षाला साधारण पंधरा-सोळा टक्के पडले, आणि काकासारखा १९९२ ला शिरून अगदी ३३ वर्षं गप्प बसला असता तरी नऊच. जानेवारी २००८ मध्ये २०,८०० च्या वर घेणाऱ्याला तर आठसुद्धा नाहीत, आणि त्याने मार्च २००९ मध्ये ८,१६० पण पाहिलेत, तेव्हा तो रात्री झोपला कसा ते त्यालाच माहीत.

शिवाय काकाकडे सेन्सेक्स नव्हताच, चार शेअर्स होते. सेन्सेक्स मेलेल्याला बाहेर काढतो आणि नवा आत घेतो. सुरुवातीच्या तिसांत प्रीमियर ऑटोमोबाईल्स होती, हिंदुस्थान मोटर्स होती, आज कुठायत? काकाच्या गोदरेजच्या कपाटात अजून एका बंद पडलेल्या कंपनीची सर्टिफिकेटं आहेत, गुलाबी कागद, कडेला वाळवीने खाल्लेली. टाकू देत नाही.

मी स्वतः पोरीच्या शिक्षणाच्या एक्सेलमध्ये १० टक्के धरले होते. बायको म्हणते १२ धर, नाहीतर दर महिन्याचा हप्ता बसत नाही. हप्ता बसत नाही म्हणून बाजार जास्त देईल असं थोडंच आहे, पण हे तिला सांगायचं कोणी, म्हणून सध्या शीटमध्ये ११ आहेत.