अंतर तेच, वेळ वेगळा

"मावशी, अंतर तेवढंच आहे ना, मग जाताना आठ तास आणि परत येताना सातच कसे?" लंडन-न्यूयॉर्कच्या फ्लाइट बघत असताना भाचीने विचारलं, आणि तिने दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक आधीच वजा केला होता बरं का, बरेच मोठे लोक तिथेच चुकतात.

उत्तर वाऱ्यात आहे. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, हिवाळ्यात तर कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर, लंडनकडे येणारं विमान त्यावर स्वार होतं आणि न्यूयॉर्कला जाणारं त्याला टाळत जातं, म्हणून अटलांटिकवरचे मार्ग रोज नव्याने आखतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांमुळे न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं!

नकाशावरचे ते साडेपाच हजार किलोमीटर म्हणजे जमिनीवरचं अंतर, विमान उडतं हवेत, आणि ती हवा स्वतःच चाललेली असते. मला हे भयंकर सुंदर वाटतं.

भाचीचा पुढचा प्रश्न तयारच होता, मग उत्तर-दक्षिण जाणाऱ्या विमानांचं काय? तुम्हाला कुणाला जाता-येता असा फरक जाणवलाय का?