मोजणी ऑक्टोबरात झाली, तेव्हा कुठे!

आमच्या गावातून पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे जाणारा रस्ता कागदोपत्री ‘ग्रामीण मार्ग’. ताबा जिल्हा परिषदेकडे. दिंडोरी तालुक्यातल्या आम्हा टोमॅटोवाल्यांचा सगळा माल त्याच रस्त्याने जातो. म्हणून त्याची दर्जोन्नती व्हावी, तो प्रमुख जिल्हा मार्ग होऊन सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जावा, असा ठराव ग्रामसभेत केला. पुढची कागदपत्रं मीच फिरवली.

पहिला प्रस्ताव परत आला. शेरा होता, ‘वर्दळ अपुरी’. वाहनांच्या मोजणीचे तक्ते मागून घेतले आणि तारखा पाहिल्या. मे महिन्यातला आठवडा! मे महिन्यात आमच्याकडे द्राक्षं संपलेली असतात आणि टोमॅटोची लागवड व्हायची असते. रस्त्यावर येणार काय? जिवाला फार लागलं ते.

ओळखीच्या एका निवृत्त शाखा अभियंत्यांनी मग समोर बसवून समजावलं. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोजणी वर्षातून दोनदा व्हावी, एकदा ऐन सुगीत आणि एकदा मंदीत. दर वेळी सलग सात दिवस, रात्रंदिवस. आणि नुसती वाहनं मोजून भागत नाही, प्रत्येकाला भारांक असतो, म्हणजे ते किती मोटारींइतकं धरायचं तो आकडा. मोटार किंवा पिकअप १, दुचाकी ०.५, ट्रक ३. आपली ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५! बैलगाडीला तर ८, कारण तिच्यामागे सगळा रस्ता खोळंबतो. म्हणजे मेमध्ये नेमकी जड वाहनंच सुटली होती.

दुसऱ्या अर्जात एवढंच मागितलं, सुगीतली मोजणी घ्या. ती ऑक्टोबरात झाली. फाट्यावर ताडपत्रीखाली दोन मुलं पाळीपाळीने बसायची. दर तासाला नवा कागद, चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. रात्रीचा चहा मी घेऊन जायचो. एका संध्याकाळी टोमॅटोच्या जाळ्या रचलेल्या ट्रॉल्यांची अशी रांग लागली, की त्यांचा रकाना भरला आणि त्या पोराने उरलेल्या रेघा समासात ओढल्या.

पुढे जिल्हा परिषदेचा ठराव, कार्यकारी अभियंत्यांचा अहवाल, मग मंत्रालय. वेळ लागला, पण शासन निर्णय निघाला. दर्जा मिळाला म्हणून लगेच डांबर पडत नाही, काम अर्थसंकल्पात यावं लागतं. परवा आमदारांना त्यासाठी पत्र दिलं. सोबत ऑक्टोबरचे तक्ते जोडले आहेत, समासातल्या रेघांसकट.