पगारातनं कापलेलं परत मागायला लाज कसली

कंत्राट संपलं की आमच्यातली पोरं दोनपैकी एक करतात, गावाकडची गाडी पकडतात नाहीतर मित्राकडनं उसने घेऊन रूमवर दिवस काढतात. तिसरा रस्ता चाकण, भोसरी, रांजणगावला वर्षानुवर्षं राबणाऱ्यांनाही माहीत नसतो म्हणून हे लिहितोय. ईएसआयसी, म्हणजे पगारातनं कापून कामगारांचा विमा चालवणारं सरकारी महामंडळ, त्याची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नावाची एक योजना आहे, 2018 पासून. नोकरी सुटली तर जास्तीत जास्त 90 दिवस, आपल्या रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मे पैसे थेट बँकेत येतात. आधी पाव हिस्साच मिळायचा, कोरोनात 2020 ला तो निम्मा केला आणि मालकाच्या हातापाया न पडता स्वतः अर्ज करायची सोय पण तेव्हाच झाली. मी सध्या याच पैशावर जगतोय आणि काम शोधतोय.

रूमवर हे सांगितलं तर पहिलं वाक्य काय आलं, "अरे सरकारचे फुकटचे पैसे कशाला घेतो." मला याचा खरंच राग येतो. पगाराची स्लिप काढा आणि बघा. माझा ग्रॉस 18,000 होता, त्यातनं ईएसआयचे 135 रुपये दर महिन्याला जायचे, पाऊण टक्का. कंपनीकडनं सव्वातीन टक्के, म्हणजे 585. दोन्ही मिळून 720 रुपये महिना माझ्या नावावर जात होते, आणि दवाखान्याची पायरी मी क्वचितच चढलोय. त्याच्या खालची ओळ बघा, प्रोफेशनल टॅक्स 200, फेब्रुवारीत 300. हा टॅक्स महाराष्ट्रात 1975 ला आणला तो रोजगार हमीसाठी, शहरातल्या पगारदाराने गावातल्या बेकाराच्या मजुरीला हातभार लावायचा म्हणून. म्हणजे काम असताना आपण दुसऱ्याच्या बेकारीसाठी भरतो आणि आपल्यावर वेळ आली की घेतो, यात फुकट काय आहे ते मला कोणीतरी समजावून सांगा.

हिशोब असा असतो. मागच्या दोन वर्षांची, म्हणजे चार काँट्रिब्युशन पिरियडची (विम्याची वर्गणी मोजायचा सहा-सहा महिन्यांचा काळ) एकूण कमाई घ्यायची, 730 ने भागायची, जे येईल त्याचं निम्मं. माझं रोजचं 296 च्या आसपास बसतं, महिन्याला साधारण 8,900. त्यात मोशीला रूममधल्या एका कॉटचं भाडं 2,500, मेस 3,000, राहिलेल्यात बसभाडं, मोबाईलचा रिचार्ज, बायोडाटाच्या झेरॉक्स. गावाकडे मी महिन्याला काहीतरी पाठवायचो ते आता बंद आहे. तिकडं आईचे लाडकी बहीणचे 1,500 येतात आणि केशरी कार्डावर माणशी पाच किलो धान्य मिळतं, त्यावर ती आणि अण्णा भागवतात. फोनवर ती मला विचारते, "पाठवू का रे थोडे?" तेलाची पिशवी सुद्धा ती आता अर्ध्या लिटरची आणते हे मला बहिणीकडनं कळलं, आई सांगणार नाही. लाडकी बहीणवर टीव्हीवर जे बोलतात त्यांनी एकदा अशा घरात महिनाभर राहून बघावं, ते 1,500 कुठं जातात ते दिसेल. किराणा, बीपीच्या गोळ्या, संपलं.

आता काम शोधण्याचं. मी आयटीआय मशिनिस्ट, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर, वय 31. सकाळी गेटवर जायचं, वॉचमनकडे नाव लिहायचं, आत घेतलं तर ट्रायल. परवा एका ठिकाणी व्हाइस लावून डायल फिरवला, एक्स वायचं सेंटर काढलं, झेडचा ऑफसेट घेतला, पहिला पीस मायक्रोमीटरमध्ये बरोबर आला. सुपरवायझर म्हणाला, "दादा, हात चांगलाय तुमचा." मग एचआरकडे पाठवलं आणि तिथं कळलं की त्यांना 28 च्या आतला पाहिजे, ट्रेनी म्हणून घ्यायचाय. ट्रेनी घेतला की पगार कमी, आणि मी आधी होतो तिथं तर ट्रेनी पोरांचा ईएसआय कापतच नव्हते. म्हणजे काम तेच, मशीन तेच, आणि उद्या त्याला घरी बसवलं की त्याच्या हातात काहीच नाही.

व्हॉट्सॲपच्या जॉब ग्रुपवर रोज मेसेज पडतात, डायरेक्ट जॉइनिंग, रूम फ्री, जेवण फ्री. तिथं गेलं की आधी रजिस्ट्रेशनचे पैसे मागतात. नोकरी द्यायला पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, कितीही गरज असू द्या.

या 8,900 नी मला नेमकं काय दिलं तर नाही म्हणायची ताकद. हेल्परची कामं रोज मिळतात, 12-13 हजारात बारा बारा तास. खिशात काही नसतं तर मी दुसऱ्याच दिवशी तिथं उभा राहिलो असतो आणि एकदा हेल्परमध्ये अडकलं की बायोडाटावर तेच बसतं, परत ऑपरेटरवर यायला दोन वर्षं जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून जे म्हणतात ना की बसून पैसे मिळाले की पोरं आळशी होतात, त्यांना माझं सांगणं आहे की निम्म्या पगारावर कोणी आळशी होत नाही, 8,900 मध्ये पुण्यात आळस परवडत नाही. फक्त थोडी उसंत मिळते, धड काम बघायला.

पण योजनेत एक गोष्ट आहे जी मला अजिबात पटत नाही, हे पैसे आयुष्यात एकदाच मिळतात. 90 दिवस संपले की संपलं, पुढं वीस वर्षं ईएसआय भरला तरी परत नाही. कंत्राटी कामगाराची नोकरी आयुष्यात एकदाच जाते का? इथं सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात, परत घेतात किंवा नाही घेत. आणि अट काय तर सुटायच्या आधी सलग दोन वर्षं विमा असला पाहिजे, शेवटच्या काँट्रिब्युशन पिरियडमध्ये 78 दिवस भरलेले पाहिजेत, उरलेल्या तीनपैकी एकात अजून 78. ब्रेकवर ब्रेक खाणाऱ्या पोराचं हे गणित जुळायचं कसं? ज्याची नोकरी सगळ्यात जास्त वेळा जाते त्यालाच योजनेत बसायला सगळ्यात अवघड, हे उलटं आहे आणि हे बदललंच पाहिजे.

माझी आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची, पोरांसाठी ती पदरात बांधून घरी आणायची. आख्खं गाव त्या कामावर होतं, पाटलाच्या घरातले सुद्धा. आजी हे सांगताना मान कधी खाली घालायची नाही. आम्ही शिकलेली पोरं मात्र मोबाईलवरचा फॉर्म पण लपून भरतो, गावात कळलं तर लग्नाला पोरगी मिळणार नाही म्हणून. ते भय खोटं नाही, मला माहितीय, सोयरिकीच्या बोलण्यात पहिला प्रश्न पर्मनंट आहे का हाच असतो. तरीपण भरा. या काळात दवाखान्याचा लाभही चालू राहतो, घरच्यांसकट, आणि अण्णांच्या शुगरच्या औषधांचं टेन्शन मला तेवढ्यासाठी तरी नाही.

अर्जाचं जास्त अवघड नाही. ईएसआयसीच्या साइटवर आपल्या आयपी नंबरने, म्हणजे ईएसआयच्या विमा नंबरने लॉगिन करायचं, आधार आणि बँक खातं जोडलेलं पाहिजे, बेकार होऊन 30 दिवस झाले की क्लेम टाकता येतो. गैरवर्तनावरनं काढलेलं असेल किंवा व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. खरा घोळ आयपी नंबरचा असतो. माझ्या दुसऱ्या ठेकेदाराने जुना नंबर न विचारता नवीनच काढला होता, त्यामुळे माझी वर्षं दोन नंबरांत वाटली गेली आणि दोन वर्षांची अट कागदावर दिसेनाच. जुन्या स्लिपा आणि ईएसआयचं ई-पहचान कार्ड जपून ठेवलं होतं म्हणून ते जुळवून मिळालं, पण ठेकेदाराच्या ऑफिसात त्या एका कागदासाठी जे उंबरे झिजवावे लागले ते बाकीच्यांना नकोत.

म्हणून सध्या जे कामावर आहेत त्यांनी आजच स्लिपवरचा आयपी नंबर आणि जुन्या कार्डावरचा नंबर एकच आहे का ते बघा, वेगळा असला तर ब्रेक लागायच्या आधी, गेटच्या आत असतानाच दुरुस्त करून घ्या, कारण एकदा पंचिंग कार्ड जमा झालं की तिथलं कोणी आपला फोन उचलत नाही.