ग्लव्ह बॉक्समधली तीन पेनं

सोमवार, सकाळचे आठ. अमेरिकेत वेटरन्स अफेअर्सच्या 'एच-पॅक्ट' दवाखान्यांत, म्हणजे बेघर माजी सैनिकांच्या प्राथमिक उपचार केंद्रांत, अपॉइंटमेंटशिवायही आत घेतात. आमच्याकडे साठीतले एक मधुमेही गृहस्थ आले ते घामाने डबडबलेले, आणि बाहेर उणे ११ अंश सेल्सिअस! हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. साखर ४८.

शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून चार-चार ग्रॅमच्या चार ग्लुकोजच्या गोळ्या चघळायला दिल्या. पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा चार. मग ९४. त्यावर लगेच पीनट बटर सँडविच, कारण नुसत्या ग्लुकोजने चढलेली साखर फार टिकत नाही आणि ते घेत असलेलं ग्लार्जिन इन्सुलिन जवळपास चोवीस तास काम करत राहतं. दुपारपर्यंत दर तासाला बोट टोचलं.

सहा आठवड्यांत ते जवळच्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सीत चारदा गेले होते. चारही वेळा साखर चारशेच्या वर, आणि इन्सुलिनचा डोस २० युनिटांवरून चढत ३४ वर. कागदावर प्रत्येक निर्णय बरोबरच दिसतो. मग आज ४८ कशी?

त्यांनी पाणी प्यायला पिशवीतून बाटली काढली, तर आत बर्फ. रात्री झोपतात कारमध्ये, इन्सुलिनचं पेन ग्लव्ह बॉक्समध्ये. एकदा गोठलेल्या इन्सुलिनचा वितळल्यावरही भरवसा नाही, दिसायला मात्र नितळ. म्हणजे वाढवलेला डोस अंगी लागतच नव्हता. रविवारी संध्याकाळी इमर्जन्सीतून नवं पेन मिळालं आणि त्यातून पूर्ण ३४ युनिट पोटात टोचले गेले. रविवारी मोफत जेवणाचं केंद्र बंद, त्यामुळे उपाशी.

डॉक्टरांनी डोस १६ वर आणला आणि वेळ रात्रीऐवजी सकाळची केली: दिवसा जेवण मिळतं, साखर घसरली तर आजूबाजूच्या कुणाच्या तरी लक्षात येतं. एचबीएवनसीचं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीचं, लक्ष्य ७ टक्क्यांऐवजी ८. पेन जॅकेटच्या आतल्या खिशात, पण थेट अंगाला लागून नाही. ३० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरीही ते खराब होतं. ग्लुकोमीटरही तिथेच, थंडीत तो एरर दाखवतो. पेनावर चिकटपट्टी लावून सुरू केल्याची तारीख लिहिली. २८ दिवसांनी टाकायचं.

मोजे काढायला लावून पाय पाहिले. हे कधीच चुकवू नये, ओल्या मोज्यांत आठवडा गेलेला असतो. कोरड्या मोज्यांचा गठ्ठा कपाटात ठेवलेलाच असतो. ब्लडप्रेशरसाठीच्या लघवीच्या गोळ्या घेता का, हेही विचारलं. बरेच जण घेत नाहीत, जायला संडास कुठे?

हड-व्हॅश या घरभाड्याच्या व्हाउचरचा अर्ज समाजसेविकेने त्याच मजल्यावर, त्याच सकाळी भरून घेतला. त्यात भाडेकरूला उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरावे लागतात. पण व्हाउचर घेणारा घरमालक सापडेपर्यंत मुक्काम कारमध्येच.

आमचे पीअर सपोर्टवाले, एकेकाळी स्वतः रस्त्यावर राहिलेले माजी सैनिक, त्यांच्याबरोबर पार्किंगमध्ये जाऊन आले. ग्लव्ह बॉक्समधून आणखी तीन पेनं निघाली. तिन्हींतलं औषध पाण्यासारखं नितळ. तिन्ही शार्प्सच्या, म्हणजे वापरलेल्या सुयांच्या, डब्यात टाकली.