तळाची हिरवी बुरशी: या वेळी पांढरी असतानाच सापडली

घरी लावलेल्या धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) सहापैकी तीन पिशव्या गेल्या. मागच्या खेपेसारखंच, तळाची चार बोटं हिरवीगार. स्पॉनवाल्याला, म्हणजे अळिंबीचं बियाणं देणाऱ्याला, मनातल्या मनात घातलेल्या शिव्या मागे घेतो; दोष त्याचा नव्हता. पाकिटावर तारीख न टाकणारा माणूस मला आवडत नाही, ते वेगळं.

त्या तिघींतली चौथ्या नंबरची पिशवी आधी पांढरीशुभ्र होती, तळाशी जरा जास्तच कापसासारखी. वरचा एक आणि तळाचा एक असे दोन चिमटे काढले, कॉटन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात चारशेपटीत बघितलं. वरच्या तंतूंत आडव्या पडद्यापाशी कडी अडकवल्यासारखा बाक. यालाच क्लॅम्प म्हणतात, धिंगरीच्या तंतूंची खूण. म्हणजे धिंगरीच! बायकोला हाक मारून दाखवलं. ती "बरं" म्हणाली आणि दूध बघायला गेली. तळाच्या तंतूंत पडदे होते, क्लॅम्प एकही नाही. तिसऱ्या दिवशी तेवढाच भाग हिरवा. ट्रायकोडर्मा, म्हणजे हीच हिरवी बुरशी, आधी पांढराच वाढतो, बीजाणू धरले की हिरवा होतो, हे वाचलं होतं. रंगेहाथ नव्हे, रंगाआधी पकडला तो आत्ता.

पण तळालाच का? मुठीत आवळलं तर जेमतेम थेंब येत होता, म्हणजे ओल बरोबर. मग डोक्यात उजेड पडला. गगनबावड्याकडचं पिंजर (भाताचा पेंढा) मी ८० अंशाच्या पाण्यात तासभर ठेवून निथळलं होतं. यंदा त्यात पंचगंगेपलीकडच्या गुऱ्हाळावरचं चिपाड मिसळलं, ते मात्र नुसतं वाफवलं. उरलासुरला रस आतच राहिला आणि ओलीबरोबर खाली उतरला. बुरशीला पोट नाही. ती विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषते. धिंगरी लिग्निन, म्हणजे काडीला टणकपणा देणारा घटक, फोडत सावकाश चालते; साखर आयती विरघळून पडली असेल तर ट्रायकोडर्मा तिच्याआधी पंगतीला बसतो.

पुढच्या खेपेला चिपाड रात्रभर भिजवून, पाणी फेकून, मग गरम पाण्यात. शिवाय भिजवायच्या पाण्यात चुना आणि पिशवीच्या तळाला भोकं... थांबा, सगळं एकदम केलं तर कशानं सुटलं ते कसं कळणार? दोन पिशव्या फक्त धुतलेल्या चिपाडाच्या, दोन बिनधुतल्या पण भोकांच्या, दोन नुसत्या पिंजराच्या. चुना नंतर.

दुसऱ्या पिशवीला आज सकाळी टाचणीएवढ्या कळ्या दिसल्या. उद्या परत चिपाड आणायचंय. गुऱ्हाळवाला गेल्या वेळी विचारत होता, "जळणाला न्हेताय का म्हशीला?"